पावणेतीन तासांचा रस्ता

बोईसरचा आमचा घरमालक जगातल्या कुठल्याही दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ तोंडपाठ सांगायचा. तिसऱ्या मजल्यावर पाणी कधी चढेल, हे मात्र त्याला अकरा वर्षांत एकदाही सांगता आलं नाही. तोंडावर मी त्याला अहोजाहो करायचो, 'मालक' म्हणायचो, दिवाळीला फराळाचं ताटही नेऊन द्यायचो. इथे लिहिताना मात्र तो 'तो'च राहील. एवढी सूट मला पाहिजे.

खोली बघायला गेलो, तेव्हाच खरं तर मी शहाणं व्हायला हवं होतं. कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरी लागून आठ दिवस झाले होते आणि मी एका मित्राच्या खोलीत पाचवा माणूस म्हणून झोपत होतो. चिंचणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर याची तीन मजली चाळवजा इमारत. हा खाली ओटीवर बनियन आणि लुंगीत बसलेला. नाव विचारलं नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, मांसमच्छी खाता का हेही नाही.

"गाव कुठलं?"

"अंबाजोगाई."

तो उठला, आत गेला आणि शाळेत असतो तसला पृथ्वीगोल घेऊन आला. त्याच्या खिळ्याला एक पांढरा दोरा बांधलेला होता आणि दोऱ्याला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. गोलावर अंबाजोगाई असायचं कारण नव्हतं. त्यानं लातूरच्या आसपास अंदाजानं बोट टेकवलं, दोरा ताणला, ओठातल्या ओठात काही पुटपुटला.

"सरळ रेषेत चारशे किलोमीटर. विमानाला पन्नास मिनिटं."

"मालक, पण आमच्याकडे विमान येत नाही. एसटीनं बारा तास लागतात."

"ती तुमच्या एसटीची चूक," तो म्हणाला. "अंतर पन्नास मिनिटंच हाय."

खोलीला खिडकी होती आणि कारखाना सायकलच्या टप्प्यात होता, म्हणून मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची फळं पुढे अकरा वर्षं भोगली.

त्या गोलाची अवस्था बघण्यासारखी होती. येता-जाता प्रत्येकाला अंतर काढून दाखवायचं आणि सुरुवात नेहमी मुंबईपासून करायची, त्यामुळे मुंबईवर बोट घासून घासून ती कधीच पुसली गेली होती. नंतर गुजरातचा काठही गेला. शेवटी शेवटी तो एका पांढऱ्या चट्ट्यावर बोट ठेवून जगाची अंतरं मोजायचा. मोबाईल आल्यावर त्यात आकाशातली विमानं दाखवणारं काहीतरी त्यानं घेतलं आणि मग तर विचारायलाच नको. संध्याकाळी गच्चीवर उभा राहायचा, मान वर. मुंबईहून उडालेली विमानं आमच्या डोक्यावरून जातात. "हे अबूधाबी. तीन तास पाच. ते मागचं जयपूर, एक तास पन्नास." आम्ही भाडेकरू बादल्या घेऊन जिन्यात उभे असायचो. पाण्याची मोटार जळली म्हणून सांगायला गेलं की तो बोट वर करून म्हणायचा, "थांब, दोहा जाऊ दे."

मानेचा त्रास व्हायचाच होता, झाला. डॉक्टरनं गळपट्टा दिला आणि वर बघायचं नाही म्हणून बजावलं. यानं प्लॅस्टिकची खुर्ची गच्चीवर नेली, तिचे पुढचे दोन पाय विटांवर चढवले आणि मान न वाकवता अख्खा माणूसच आडवा करून विमानं बघायला लागला. डॉक्टरचा शब्द मोडला नाही, असं तो वर सांगायचा.

एवढं वाचून कुणाला वाटेल, माणूस बराच फिरलेला असणार. तो विमानात कधी बसला नव्हता. रेल्वेनं सुरतेच्या पलीकडे गेला नव्हता. गाव इथल्याच किनाऱ्यावरचं दांडी, बापाची मासेमारीची होडी. दर्यावर अंतर किलोमीटरमध्ये कुणी सांगत नाही, 'तीन तासांवर जाळं टाकलं' असं सांगतात. ते त्याच्या कानावर लहानपणापासून पडलेलं. पण बाप तरी निदान वारा, भरती, इंजिनाचा खोकला सगळं धरून तास सांगायचा. याला बिघडवलं ते नोकरीनं. तीस वर्षं हा एका कारखान्यात माल रवाना करणारा कारकून होता. ट्रक भरला, कागद झाले, फाटकातून चाक बाहेर पडलं की हा वहीत वेळ लिहिणार, आणि याच्या लेखी प्रवास तिथून सुरू. माल भरायला दोन दिवस लागोत, ड्रायव्हर जेवायला जाऊन झोपो, ते याच्या वहीत नाही. गिऱ्हाईक फोनवर बोंबललं तर हा थंडपणे सांगायचा, "गेटच्या आतला वेळ आमी धरत नाय." हे वाक्य तो निवृत्त होऊन घरी घेऊन आला.

एकदा त्याला जमिनीच्या कुठल्याशा उताऱ्यासाठी कोळगावच्या जिल्हा कचेरीत जायचं होतं. सकाळी नऊला निघाला. तिथे पोचल्यावर लक्षात आलं की आधारकार्ड घरी राहिलं. परत आला. पुन्हा गेला, तर या खेपेला फोटो राहिला होता. पुन्हा परत. दिवे लागायच्या वेळेला उतारा घेऊन घामाघूम होऊन ओटीवर बसला. मी सहज म्हटलं, "मालक, दिवस गेला की आज."

"दिवस कशाला? कोळगाव सरळ रेषेत दहा किलोमीटर हाय. विमानाला एक मिनिटसुद्धा लागत नाय."

काकी, म्हणजे त्याची बायको, त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवून आत गेल्या. काकी फार बोलायच्या नाहीत. त्यांच्या हातचं बोंबलाचं कालवण खाण्यासाठी मी या माणसाची अर्धी बडबड सहन केली आहे, हेही इथेच कबूल करतो.

माझी बायको पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात अंबाजोगाईला निघाली, तेव्हा हा जिन्यात आडवा आला. "पन्नास मिनिटांच्या अंतराला दोन महिने आधी निघायचं? तुमा लोकांना वेळेची किंमत नाय." माझ्या बायकोनं त्याला काय उत्तर दिलं ते मी इथे लिहीत नाही. पण मला बरं वाटलं होतं.

त्याला एकच मुलगी, नयना. हुशार, सरळ पोरगी. तारापूरच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर होती. तिच्यासाठी दोन स्थळं आली. एक श्रीवर्धनचं, मुलगा पाटबंधारे खात्यात. दुसरं यांच्याच नात्यातलं, पण मुलगा मस्कतला एसीच्या कंपनीत सुपरवायझर. दोन्ही मुलं चांगली. नयनाला विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं कोण जाणे. तिला विचारेपर्यंत गोल बाहेर आला होता.

दांडीहून काकींचे भाऊ, नयनाचे मामा, मुद्दाम बोलायला आले होते. स्वतःची बोट असलेला रोखठोक माणूस.

"भावजी, श्रीवर्धनला द्या. पोर डोळ्यांसमोर राहील."

"डोळ्यांसमोर?" हा म्हणाला. "श्रीवर्धनला पोचायला सात तास. पनवेलात अडकलात तर आठ. मस्कत पावणेतीन तास. लांब कुठलं?"

"म्हंजे श्रीवर्धन परदेश नि मस्कत शेजारी?"

"मस्कतचं घड्याळ आपल्या दीड तास मागं हाय. इथनं चारला उडालं की तिथं सव्वापाचला उतरतं. घड्याळाप्रमाणे बघाल तर सव्वा तास! सव्वा तासात तुमी दांडीहून पालघरला तरी पोचता का?"

मामांनी जिन्यात बादली घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. मी पाण्याच्या टाकीकडे बघितलं. काकी आतल्या दारात उभ्या होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, "अवो, आजारपण, बाळंतपण, काय झालं तर?"

"काय झालं तर पावणेतीन तासात हजर!"

लग्न झालं. नयना मस्कतला गेली. तिचं विमान उडालं त्या दिवशी हा गच्चीवर होता. विमान डोक्यावरून गेल्यावर खाली येऊन घड्याळासमोर बसला आणि तिचा उतरल्याचा फोन आला तेव्हा काकींच्या हातात फोन न देता आधी स्वतः ओरडला, "दोन तास त्रेचाळीस! दोन मिनिटं लवकर!" काकींना लेकीशी बोलायला मिळालं तेव्हा तिकडे ती रडत होती. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि त्या दिवशी मला हा माणूस नुसता विक्षिप्त नाही, तर कोडगा वाटला.

दीडएक वर्षानं नयनाला दिवस गेले. काकींची चाल बदलली. डिंक आणला, अळीव आणले, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय? त्यांनी सातव्यात आणायचं ठरवलं होतं, ओटी भरून. आमच्या खालच्या मजल्यावरच्या सगळ्या बायकांना आमंत्रण तोंडी झालं होतं.

हा आडवा आला.

"सातव्यात आणून काय करायचं? जावयाच्या जेवणाचे हाल. नि ती इथं दोन महिने बसून काय करणार? डॉक्टरनं दिलेल्या तारखेच्या दहा दिवस आधी आणू. पावणेतीन तासाचा तर रस्ता हाय."

"तुमी घड्याळ नका दाखवू मला," काकी म्हणाल्या. "पोरीला सातव्यात आणतात."

"ते बैलगाडीच्या जमान्यात! तेव्हा रस्त्यात पोट दुखायचं. आता उडाली की उतरली."

जावईही भोळा, सासरा एवढा विमानातला जाणकार म्हटल्यावर त्यानं मान डोलावली. तिकीट यानं स्वतः फोनवर जावयाला सांगून काढायला लावलं. वेळ निवडली, वाराही कसा असेल ते सांगितलं. एकच गोष्ट त्याला ठाऊक नव्हती, आणि ती विमानाची तिकिटं विकणाऱ्या कुणालाही विचारली असती तर कळली असती. पण लोकांना विचारायची त्याला सवय नव्हती. तो लोकांना सांगायचा.

रविवार होता, मला सुट्टी होती. सामान उचलायला माणूस हवा म्हणून यानं मला गाडीत घातलं. पुढे ड्रायव्हरशेजारी हा, मागे मी आणि काकी. काकींच्या मांडीवर थर्मास होता, त्यात पेज. लेकीला विमानातलं काही गोड लागलं नसेल म्हणून. पिशवीत मीठ-मोहऱ्या होत्या, दृष्ट काढायला. विमान मस्कतहून आपल्या वेळेप्रमाणे दीडला उडणार, सव्वाचारला उतरणार. आम्ही अकराला निघालो. महामार्गावर वसई फाट्याच्या अलीकडे गाड्या उभ्या होत्या, आणि उभ्याच राहिल्या. बाराला आम्ही जिथे होतो, तिथेच पाऊण वाजता होतो. ड्रायव्हर उत्तरेकडचा होता, तो इंजिन बंद करून खाली उतरला आणि तंबाखू मळायला लागला.

याचा फोन वाजला.

"निघालं का गं?" हा पहिल्याच शब्दाला म्हणाला.

फोन मोठ्या आवाजावर होता. नयना तिकडच्या विमानतळावरून बोलत होती. "बाबा, मला बसू देत नाहीत. कितवा आठवडा चालू आहे म्हणून विचारलं. मी खरं सांगितलं. आता नाही म्हणतात."

"नाय म्हणतात म्हंजे? तिकीट हाय ना? दे, फोन दे तिथल्या माणसाला."

कुणीतरी बाई फोनवर आल्या. शांत आवाज, मोडकंतोडकं हिंदी. "अंकल, छत्तीस हफ्ते के बाद हम नहीं ले सकते. नियम है."

"अरे मॅडम, दो घंटा पैंतालीस मिनट का तो रास्ता है!" हा गळपट्टा ओढत ओरडला. "पाव घंटा इधर, पाव घंटा उधर! इतने में क्या होता है?"

"अंकल, प्लेन में डॉक्टर नहीं होता."

त्यावर त्याच्याकडे किलोमीटर नव्हते. फोन पुन्हा नयनाकडे गेला. ती म्हणाली, "आई आहे का?" काकींनी मागून हात पुढे केला आणि फोन घेतला. "रडू नको," त्या म्हणाल्या. "घरी जा. गरम पाण्यानं पाय शेक. मी येते." हे 'मी येते' त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला वाटलं, आता दार उघडून चालायला लागतात.

गाडी वळवायलाही जागा नव्हती. आम्ही अडीच तास तिथे उभे होतो. पेज थर्मासात होती.

घरी आल्यावर काकी त्याला म्हणाल्या, "आपण जाऊ. उद्याचं तिकीट काढा."

तेव्हा कळलं की पासपोर्ट नाही. काकींचा नाही, हे समजू शकतं. पण ज्यानं अकरा वर्षं आमच्या डोक्यावर टोकियो आणि टोरांटोची तास-मिनिटं वाटली, त्याच्याकडेही नव्हता. अर्जाला तारीख मिळाली पंधरा दिवसांनंतरची. पुढे पोलिसांची चौकशी, मग व्हिसा. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मला त्याच्या त्या गोलाला लाथ घालावीशी वाटली.

नवव्या दिवशी सकाळी जावयाचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या, पाणी गेलं होतं, बाळाचे ठोके मंद होत होते, कदाचित कापावं लागेल. नयनाला आत नेलं होतं. मोबाईल आत चालत नाही, बाहेर आलो की फोन करतो, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. साडेनऊ वाजले होते. माझी दुपारची पाळी होती, मी घरी होतो. काकींचा आवाज ऐकून खाली गेलो.

हा ओटीवर खुर्चीत बसला होता. नीट, सरळ, विटा नसलेल्या खुर्चीत. काकी स्वयंपाकघरात गेल्या. भिंतीवरचं घड्याळ खिळ्यावरून काढून घेऊन आल्या आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"पोर आत गेली," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तुमी म्हणता ना, गेटच्या आतला वेळ धरत नाय. मग हा वेळ धरायचा का नाय, सांगा."

काकी उंबऱ्यावर बसल्या, फोन पदरात घेऊन. दहा वाजले, अकरा वाजले. वर दोन-तीन विमानं गेली. सव्वाबाराला पावणेतीन तास पुरे झाले, हे त्या ओटीवरच्या आम्हा तिघांनाही कळलं होतं. तो मांडीवरचं घड्याळ दोन्ही हातांनी धरून बसला होता. एक वाजला. मी कारखान्यात उशीर होईल म्हणून कळवलं. त्याच्या कपाळावरून घाम घड्याळाच्या काचेवर पडत होता आणि तो पुसत नव्हता.

दीड वाजून गेल्यावर फोन आला. पोट कापून मुलगी झाली होती. रक्त बरंच गेलं होतं, पण दोघी ठीक होत्या. काकी ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "तिच्याजवळ कोण हाय?" तिकडून जावई म्हणाला, "मी आहे ना आई." काकी म्हणाल्या, "तू हायस रे, पण..." मला त्या बाईची इतकी माया आली की मी तोंड फिरवलं. त्याच्याकडे मी बघितलंच नाही.

काकींचा पासपोर्ट दोन महिन्यांनी आला. यानं स्वतःचा अर्ज भरलाच नाही. कोणता कागद कमी पडला होता, मी विचारलं नाही. काकी एकट्या गेल्या, डिंकाचे लाडू आणि ती मऊ दुपटी घेऊन. जन्मात पहिल्यांदा विमान आणि तेही एकटीनं, पण त्या घाबरलेल्या दिसल्या नाहीत. विमानतळावर आत शिरताना त्यांनी मला हात केला. मग यालाही केला. पहाटे घर सोडलं त्यापासून लेकीच्या दारात पोचल्याचा फोन येईपर्यंत चौदा तास झाले होते. यानं कुठलाही आकडा ओरडून सांगितला नाही.

महिना झाला, दोन झाले. जावयानं व्हिसा वाढवून घेतला. हा इकडे स्वतःच्या हातानं भात शिजवायचा, जळका. वास तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचा. माझी बायको अधूनमधून डबा खाली पाठवायची, तिचं मन माझ्यापेक्षा मोठं आहे. चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी मोटारीचं सांगायला मी खाली गेलो, तर हा फोनवर बोलत होता, आवाज मोठा करूनच. त्याला दुसऱ्या पद्धतीनं बोलता येत नाही.

"अगं, कधी येतेस?"

मागे बाळ किंकाळ्या फोडत होतं. कुणीतरी हसत होतं, बहुतेक नयना.

"येईन की," काकी म्हणाल्या. "घाई काय हाय? पावणेतीन तासाचा तर रस्ता."

फोन बंद झाला. तो हातातल्या फोनकडे बघत बसला. तेवढ्यात वरचा नवा भाडेकरू जिना उतरून आला. आठच दिवस झाले होते त्याला राहायला येऊन, त्याला काही माहिती नव्हती.

"मालक, काकी दिसत नाहीत कधी. कुठे असतात?"

"मस्कतला, लेकीकडं."

"लांब आहे का हो?"

मी सवयीनं किलोमीटर ऐकायच्या तयारीत उभा होतो. गोल तिथेच, हाताच्या अंतरावर होता, दोरा लोंबत होता.

"लांब हाय रे," तो म्हणाला. "लय लांब हाय."

अकरा वर्षं मी त्याच्याकडे भाड्यानं राहिलो. बरोबर अंतर त्यानं तेवढं एकदाच सांगितलं.